धुराची वाट

गाडीचा सायलेन्सर बदलतोय म्हटलं की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आवाज कसा येणार?" प्लँटमधल्या पोरांनी हेच विचारलं, सोसायटीच्या वॉचमनने हेच विचारलं, धुळ्याच्या मेहुण्याने फोनवर हेच विचारलं. दोष त्यांचा नाही. बुलेटवाल्यांनी गेली काही वर्षं रात्री-अपरात्री जे फटाके वाजवले, त्यामुळे सायलेन्सर म्हणजे आवाज काढायची वस्तू असा समज घट्ट बसला आहे. महाराष्ट्रातल्या शहराशहरांत पोलिसांनी असले जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडले, वरून रोडरोलर फिरवला आणि वर्तमानपत्रांनी त्याचे फोटो छापले. ते चपटे झालेले चकचकीत डबे बघून मला अजिबात हळहळ वाटली नाही. बरंच वाटलं.

मला आवाज नको होता. कोंडाईबारीच्या चढावर थोडा दम हवा होता.

नवापूर सोडून धुळ्याकडे निघालं की विसरवाडीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. सह्याद्रीतल्या नावाजलेल्या घाटांपुढे तो किरकोळच. पण हजिऱ्याहून पोलादाची कॉइल लादून निघालेल्या ट्रेलरना तो किरकोळ वाटत नाही. ते माणसाच्या चालीने चढतात आणि त्यांच्यामागे माझी थार दुसऱ्या गिअरमध्ये घुटमळते. महिंद्राने २०१० साली थार आणली त्या पिढीतली ही गाडी : २,४९८ सीसीचं टर्बो डिझेल, १०५ अश्वशक्ती, २४७ न्यूटन-मीटर टॉर्क आणि गिअरच्या शेजारी फोर-बाय-फोरचा दुसरा दांडा. आकडे वाईट नाहीत. अडचण आहे ती कमी फेऱ्यांवर. ट्रेलर जरा कडेला झाला, समोर जागा दिसली, पाय दाबला, की इंजीन आधी विचारात पडतं. टर्बो भरेपर्यंत वळणाआडून समोरची एसटी आलेली असते. मग पुन्हा ब्रेक, पुन्हा ट्रेलरची मागची फळी, आणि तिच्यावरचं 'हॉर्न ओके प्लीज' वाचत बसायचं.

हा रस्ता माझ्या घरचा. जुन्या क्रमांकात तो राष्ट्रीय महामार्ग ६, हजिऱ्याहून सुटून थेट कोलकात्याला जाणारा. नव्या क्रमांकात ५३, दुसरं टोक पारादीपला. एवढा देश ओलांडणारा रस्ता आम्हा खानदेशी माणसांच्या लेखी मात्र हजीरा ते धुळे-जळगाव एवढाच असतो. तापी मुलताईहून निघून भुसावळ-जळगावच्या अंगाने सुरतेला येते, रेल्वेही जळगावाहून सुरतेला येते, आणि कित्येक दशकं आम्हीही त्याच दिशेने पोटामागे आलो आहोत. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत अहिराणी ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. बहुतेक जण लूमवर किंवा मिलमध्ये लागले. काही जण आणखी पुढे, तापी जिथे समुद्राला मिळते तिथे हजिऱ्याला आले. मी त्यांतला.

हजीरा तसा जुना. शेजारच्या सुवाळीच्या समुद्रात १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज गलबतांची लढाई झाली होती. पण आजच्या हजिऱ्याचा जन्म वसईच्या समुद्रात झाला म्हणायला हरकत नाही. दक्षिण बसीन या वायुक्षेत्रातला गॅस ऐंशीच्या दशकात समुद्राखालच्या नळातून इथे उतरायला लागला. त्यातलं गंधक काढायला ओएनजीसीचा प्रकल्प आला, त्याच्यावर खत बनवायला कृभको आली, उरलेला गॅस विजयपूर-जगदीशपूरपर्यंत न्यायला भला मोठा नळ निघाला. मागोमाग लार्सन अँड टुब्रो, रिलायन्स, एस्सारचा पोलाद कारखाना (आता तो आर्सेलर मित्तल निप्पॉनचा), शेलचं द्रवरूप वायूचं टर्मिनल, अदानींचं बंदर. मोरा, दामका, भाटलाई, राजगरी ही गावं या सगळ्यांच्या मधल्या सांदीत राहिली. इथे जो तो कुठल्या ना कुठल्या नळावर जगतो. मी इन्स्ट्रुमेंटेशनवाला, म्हणजे दुसऱ्यांच्या नळांवर गेज बसवणारा. आणि आत काय घ्यायचं याची चिंता या गावात थोड्यांनाच असते; वापरून झालेलं बाहेर कुठून आणि कसं सोडायचं, यावर मात्र तिन्ही पाळ्यांत माणसं राबत असतात. चिमणी, फ्लेअर, स्क्रबर, सेटलिंगचे हौद. पोलादाच्या कारखान्याची मळी कुठे टाकायची हा प्रश्नही त्यातलाच. २०२२ साली केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मदतीने ती प्रक्रिया करून चक्क रस्त्यात घातली. खडीऐवजी पोलादाच्या मळीचा, किलोमीटरभराचा सहापदरी रस्ता. देशातला तसा पहिलाच. मी त्यावरून गाडी नेतो तेव्हा फरक काही जाणवत नाही, आणि तेच त्याचं यश असावं.

तर सायलेन्सर. जुना कुजला होता. सायलेन्सर बाहेरून गंजतो अशी लोकांची कल्पना असते, आणि हजिऱ्याच्या खाऱ्या हवेत तो बाहेरूनही गंजतोच. पण खरा घात आतून होतो. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात निघून जायला हवं. त्यासाठी पाईप शेवटपर्यंत तापायला लागतो. माझी गाडी घर ते प्लँट आणि प्लँट ते घर करते. पाईप तापायच्या आत पार्किंग येतं. वाफ मागच्या डब्यात थंड होते, तिथेच साचते, आणि डिझेलमध्ये गंधक असलं तर त्या पाण्याला आम्लाची धार येते. २०२०च्या एप्रिलपासून देशभर दहा पीपीएम गंधकाचं डिझेल मिळू लागल्यामुळे ही धार बरीच बोथट झाली, पण डबा त्याआधीच्या दिवसांचा होता. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टेकवला तो सरळ आत गेला. कंपनीचा तसाच नवा डबा मिळत होता. तेव्हाच मनात आलं, की बदलायचाच आहे तर कोंडाईबारीचा हिशोबही करून टाकावा.

टर्बोचा आणि सायलेन्सरचा संबंध काय, असं मेहुण्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. डिझेलमधल्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर वाया जातो. तो पकडून कामाला लावायचं सुचलं आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरला. त्याने पेटंट घेतलं १९०५ साली. ते नीट चालायला मात्र वीस वर्षं गेली. १९२०च्या दशकात 'प्रॉयसन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर त्याचं यंत्र बसलं, तेव्हा तीच इंजिनं साडेसतराशेऐवजी अडीच हजार अश्वशक्ती देऊ लागली. माझ्या थारमध्ये तेच यंत्र नारळाएवढं होऊन बसलं आहे. एका दांड्यावर दोन चाकं. एक चाक बाहेर जाणाऱ्या धुराने फिरतं, दुसरं आत जाणारी हवा दाबून भरतं. वेग मिनिटाला लाखाच्या वर फेरे.

हे फुकटचं बळ असं सगळे सांगतात. फुकटात एक अट आहे. धुराचं चाक फिरतं ते अलीकडचा दाब आणि पलीकडचा दाब यांतल्या फरकावर. पलीकडे पाईप अरुंद, वळणांवर दाबलेला, डब्यात पडदे, म्हणजे पलीकडचा दाब चढलेला; मग चाकाला फिरायला बळ कुठलं? लग्नाच्या हॉलमध्ये जेवून उठलेल्यांना बाहेर पडायला एकच चिंचोळं दार असलं, की आचारी कितीही चपळ असो, पुढची पंगत बसत नाही. तसंच ते.

इथे गॅरेजमधले जुनेजाणते आडवे येतात. "इंजिनाला थोडं बॅक-प्रेशर लागतंच हो, एकदम मोकळं केलं तर पिकअप मरतो." हे वाक्य मी इतक्यांकडून ऐकलंय की कुठल्या तरी ग्रंथात असावं. त्यात तथ्य आहे, पण ते पेट्रोलच्या बिनटर्बो इंजिनापुरतं. तिथे पाईपमधून जाणाऱ्या धुराच्या लाटा नेमक्या वेळी सिलिंडर ओढून रिकामा करतात; पाईप अवाजवी मोठा केला की धुराचा वेग पडतो आणि ती ओढ जाते. म्हणजे तिथेही लागतो तो वेग, बॅक-प्रेशर नव्हे. आणि टर्बो असला की त्या लाटांचा चुरा त्याच्या चाकातच होऊन जातो. टर्बोच्या पुढचा पाईप जितका मोकळा तितका बरा, याला डिझेलमध्ये अपवाद मला तरी माहीत नाही.

मात्र दुसऱ्या बाजूचे भक्तही तितकेच आंधळे. पाईप बदलला की वीस घोडे वाढले, असं छातीठोक सांगणारे भेटतात. डिझेलमध्ये ताकद ठरते ती किती इंधन फवारलं यावर, आणि ते ठरवतो इंजिनाचा कॉम्प्युटर. तो तर आपण बदललेला नाही. वाढणार ते एवढंच, की टर्बो थोडा लवकर भरेल, चढावर धुराचं तापमान थोडं कमी राहील, आणि इंजिनाला स्वतःचाच धूर ढकलण्यात जे कष्ट पडतात ते कमी होतील. मला एवढंच पुरे होतं. हे नुसतं मानण्यावर सोडायचं नाही म्हणून टर्बोच्या पुढे पाईपला एक बारीक टॅपिंग काढलं, स्टीलची नळी आणून गेज लावला आणि के-टाईप थर्मोकपल ठोकलं. पेशाची खोड. बायको म्हणाली, गाडीला आयसीयूत ठेवलंय का?

कामासाठी मुंबई-पुण्याहून तयार किट मागवता आलं असतं. पण हजिऱ्यात राहून पाईप बाहेरून मागवायचा, हे मनाला पटेना. जगातल्या सर्वांत मोठ्या स्टेनलेस स्टीलच्या निर्वात पात्राचे भाग याच गावात झाले. दक्षिण फ्रान्समध्ये सूर्यासारखी अणुसंमीलनाची भट्टी पेटवायचा जो आयटर प्रकल्प चालू आहे, त्याचं क्रायोस्टॅट : ३,८५० टन वजन, एकोणतीस मीटर व्यास, तेवढीच उंची. लार्सन अँड टुब्रोच्या हजिऱ्याच्या शॉपमध्ये ते तुकड्यातुकड्यांनी घडलं आणि समुद्रमार्गे गेलं. शेवटचे तुकडे २०२० साली रवाना झाले. पोलाद कुठलं, तर ३०४. माझ्या सायलेन्सरच्या पाईपला जे लागतं तेच. अशा गावात आर्गॉन वेल्डिंग जाणणारा माणूस इच्छापोरच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्येही सापडतो.

मिस्त्री एरंडोलकडचा निघाला. वर्षानुवर्षं ठेकेदारांकडे मोठ्या पात्रांवर काम केलेला. आता स्वतःचं छोटं शॉप, डेअरीच्या टाक्या, हॉटेलांची टेबलं, रंगाच्या मिलचे पाईप. गाडीचं काम घ्यायला आधी तयार नव्हता. म्हणाला, गाडीवाल्यांना फक्त मागचं तोंड चकचकीत लागतं. मी म्हटलं, मागचं तोंड काळं राहिलं तरी चालेल. तेव्हा कुठे गाडीखाली वाकला.

त्याने सुरुवातीलाच एक काम केलं ते लक्षात राहण्यासारखं होतं. खिशातून लोहचुंबक काढला आणि भंगारवाले करतात तसा एकेका पाईपला लावून बघितला. कंपनीच्या पाईपला तो चटकन चिकटला. तो ४०९, अकरा टक्क्यांच्या आसपास क्रोमियमचा, स्वस्त, गाड्यांच्या कारखान्यांचा लाडका. नव्या ३०४च्या सरळ नळीवरून चुंबक घसरून पडला. मग त्याने त्याच नळीच्या वाकवलेल्या भागाला चुंबक लावला, तर तिथे तो किंचित ओढला गेला. मला वाटलं माल भेसळीचा आहे. मिस्त्री हसला. थंडपणी वाकवलं की ३०४च्या कणांची रचना थोडी बदलते आणि बाकावर तेवढं चुंबकत्व येतं, हे त्याने कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. हाताखालून गेलेल्या नळ्यांनी त्याला शिकवलं होतं. पुढे म्हणाला, बाकाची जाडी बघून घ्या, बाहेरच्या बाजूला पत्रा ताणला जातो. आमचा बाक मँड्रेलवर, म्हणजे आत आधार घालून, वाकवलेला होता. त्यामुळे वळणावर नळी चपटी झाली नव्हती. कंपनीच्या पाईपचे बाक मात्र प्रेसवर दाबलेले. एक बाक कापून त्याने मला आरपार दाखवला. नळीची गोलाई जाऊन तिथे लांबट फट उरली होती. माझ्या कोंडाईबारीचं अर्धं उत्तर त्या फटीत होतं.

नळी किती इंची घ्यायची यावर बरीच चर्चा होते. फॅशन तीन इंचाची आहे. मी अडीच घेतली. १०५ घोड्यांच्या इंजिनाला अडीच इंच भरपूर. तीन इंची नळी चासी आणि गिअरबॉक्सच्या मधून काढताना ती ब्रेकच्या नळ्यांजवळ येते किंवा खाली लोंबते, आणि फोर-बाय-फोरमध्ये खाली लोंबणारी वस्तू पहिल्या दगडालाच टेकते. बाकी बाबी मी भराभर उरकतो. मागे पडद्यांच्या डब्याऐवजी आरपार भोकांची नळी आणि भोवती ग्लासवूल असलेला डबा. टर्बोजवळ एक लवचीक जाळीचा तुकडा. कारण ३०४ तापलं की बरंच वाढतं. अडीच मीटरची नळी तीनशे अंशांनी तापली की सव्वा सेंटिमीटर लांब होते. त्या वाढीला वाव दिला नाही तर ती स्वतःच वाव काढते, कुठल्या तरी फ्लँजला चीर पाडून.

आता वेल्डिंग. मला वाटायचं वेल्डिंगची परीक्षा वरच्या शिवणीवर होते. एकावर एक सरकवलेल्या नाण्यांसारखी दिसणारी ती शिवण, लोक जिचे फोटो काढतात. मिस्त्रीने नळीची दोन्ही तोंडं कागदी चिकटपट्टीने बंद केली, एका तोंडात आर्गॉनची बारीक नळी खुपसली, दुसऱ्या तोंडाच्या पट्टीला टाचणीने भोक पाडलं आणि बिडी पेटवून शेडबाहेर जाऊन बसला. मी विचारलं, काय झालं? "हवा निघू दे." आर्गॉन हवेपेक्षा जड. तो तळापासून भरत जातो आणि हवेला वरच्या भोकातून बाहेर काढतो. तोवर थांबायचं. घाई केली तर नळीच्या आत प्राणवायू राहतो, वितळलेलं क्रोमियम त्याच्याशी जळतं आणि शिवणीच्या आतल्या अंगाला काळी, खरखरीत, दाणेदार पपडी धरते. बाहेरून शिवण कितीही देखणी असो, आत त्या पपडीवर धूर अडतो, काजळी धरते, आणि गंजायला सुरुवात तिथूनच होते.

मग त्याने टाके मारले, सांधा फिरवत फिरवत शिवला, थंड होऊ दिला. मी वरून हात फिरवून वाहवा करत होतो. त्याने चिकटपट्टी फाडली, मोबाईलची बॅटरी लावली आणि नळीचं तोंड माझ्याकडे केलं. "वरतून काय देखस भाऊ, मझार देख." आत शिवण होती गव्हाच्या काडाच्या रंगाची, बारीक, एकसारखी, नळीच्या भिंतीपेक्षा जेमतेम केसभर उंच. पुढचा एक सांधा आतून निळा आला. तो त्याला पसंत पडला नाही, पण चालेल म्हणाला. करडा आला असता तर कापून पुन्हा केला असता. हा माणूस अशा भागाबद्दल बोलत होता, जो यापुढे कोणाच्याही नजरेला पडणार नव्हता. गाडीखाली झोपून बघितलं तरी नाही.

त्याच्या शेडमध्ये दोन तारांचे ब्रश होते. एकाच्या मुठीला लाल कापड बांधलेलं. तो फक्त स्टेनलेसचा. साध्या लोखंडावर चाललेला ब्रश किंवा ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावायची नाही. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात तांबूस ठिपके उठतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, माल खोटा दिला. फिलरच्या तारांचंही तसंच सोवळंओवळं. ३०४ला ३०४ जोडताना ३०८एल. आणि जिथे नवा पाईप कंपनीच्या ४०९च्या फ्लँजला मिळतो तिथे ३०९एल. दोन्ही तारा दिसायला सारख्या, म्हणून वेगवेगळ्या नळकांड्यांत. मी इतकी वर्षं प्रकल्पांवर वेल्डिंगच्या कार्यपद्धतींचे कागद पाहिले होते. कागदावरचं ते सगळं एका लाल फडक्यात मावतं, हे पत्र्याच्या शेडमध्ये पाहिलं.

कंपनीचा फ्लँज का ठेवला, तर त्याच्या मागे कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) होता. सगळ्या कामातला एकमेव वाद यावर झाला, आणि तोही मिस्त्रीशी नाही. मदतीला म्हणून आलेल्या माझ्या एका मित्राशी. त्याचं म्हणणं, आतली जाळी फोडून टाक, डबा रिकामा ठेव, बाहेरून कोणाला कळतंय? असं करणारे पुष्कळ आहेत. जाळीतल्या प्लॅटिनम-पॅलेडियमला भंगारात भाव आहे, त्यामुळे फोडून देणारा वर पैसेही देतो. मी नाही म्हटलं. सुरत २०१० सालापासून बीएस-४ लागू झालेल्या देशातल्या पहिल्या तेरा शहरांपैकी एक. माझी गाडी इथलीच, म्हणजे त्या नियमाची. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठेवलं. पण खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी ती जाळी फोडली नसती. कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं डिझेल ती जाळी जाळते. ती काढली की तो वास थेट मागच्या रिक्षातल्या माणसाच्या नाकात जातो. मी प्लँटमध्ये दिवसभर ज्या गेजकडे बघतो, ते बहुतेक गेज अशा वासाचा आकडा दाखवण्यासाठीच लावलेले आहेत. संध्याकाळी घरी जाताना तोच वास मी स्वतःच्या हौसेसाठी सोडायचा? अमेरिकेत मुद्दाम काळा धूर ओकणाऱ्या पिकअप ट्रकचा शौक आहे म्हणतात. असेल. आपल्याकडे ते काम जुने टेम्पो बिनशौकाचेच करतात.

काम झाल्यावर पहिल्यांदा पीयूसीला गेलो. डिझेलची तपासणी जरा नाट्यमय असते : गरम इंजिनावर पाय पुरा दाबायचा, फेरे वरच्या मर्यादेला भिडवायचे, सोडायचं, पुन्हा दाबायचं, मागे नळीत खुपसलेला प्रोब धुराचा काळेपणा मोजतो. बीएस-४ची मर्यादा १.६२. माझा आकडा तिच्या बराच खाली आला. पीयूसीवाल्या पोराने यंत्राकडे, मग नळीच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "साहेब, नवा टाकलाय ना? मग आवाज?"

आवाज होता. थंडीत सकाळी सुरू करताना जरा घोगरा, आणि महामार्गावर एका ठराविक वेगाला केबिनमध्ये सतत घुमणारा हुंकार, ज्याने मागे बसलेल्या आईचं डोकं दुखलं. तो काही मला मान्य नव्हता. मिस्त्रीने डब्याच्या आधी एक छोटा रेझोनेटर जोडला. हुंकार गेला. आता गाडी जवळजवळ पूर्वीसारखीच वाजते.

आणि कोंडाईबारी. चमत्कार काही नाही. ट्रेलर आहेतच, फळीवरची अक्षरंही आहेत. पण दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबल्यावर इंजीन जो विचार करायचं तो आता आवरता घेतं. तिसऱ्यातही चढते, जिथे पूर्वी कुरकुरायची. त्याच चढावर, तेवढंच सामान घेऊन, टर्बोच्या पुढच्या गेजचा काटा पूर्वीच्या निम्म्याखाली राहतो. धुराचं तापमानही उतरलं. किती घोडे वाढले, हे मेहुण्याने विचारलं. मी म्हटलं, एकही नाही. होते तेच वेळेवर येऊ लागले.

थारवाल्यांचा एक गट रविवारी सुवाळीच्या किनाऱ्यावर जातो. मलाही बोलावणं आलं. मी वाळूत गाडी घालत नाही. खंभातच्या आखातातली भरती देशातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी. ती पाठीमागून केव्हा येते ते कळत नाही, आणि रुतलेल्या गाडीचं इंजीन बंद पडलं की खारं पाणी नळीतून उलटं चढतं. इंजीन चालू असेतो धुराचा दाब त्याला थोपवतो, पुढे नाही. शिवाय ती कोळ्यांची जाळी वाळवायची जागा आहे. चार चाकांना ताकद मिळते म्हणून ती सगळीकडे लावलीच पाहिजे असं थोडंच आहे?

त्या गटातल्या एकाने माझी गाडी उचलून बघितली. म्हणजे जॅकवर. त्याला शिवणी आवडल्या. मिस्त्रीचा पत्ता मागितला, मी दिला. दोन दिवसांनी मिस्त्रीचाच फोन आला, तापलेला. "भाऊ, तू धाडेल गिऱ्हाईक जाळी फोडून मांग, आणि मांगे बंदुकीसारखा फटाका वाजना पाहिजे म्हणे. मी परत लावी दिना. अशा माणसाले माझं नाव सांगू नको." मी बरं म्हटलं. मग सहज विचारलं, माझ्या मधल्या हँगरचं रबर ताणल्यासारखं दिसतंय, ते बघायला कधी येऊ? तर म्हणाला, इतक्यात नको. प्लँटला शटडाऊन लागलाय, ठेकेदाराने रात्रपाळीला बोलावलंय, दसऱ्यानंतर ये, आणि येताना धुळ्याहून शेवभाजीचा मसाला घेऊन ये.